माशांच्या स्वेटरची दुसरी बाही

मी पकडलेला मासा बसएवढा होता. त्याला घेऊन येताना शेपूट मागच्या दारातून बाहेर राहिलं, आणि कंडक्टरने माझं एक पूर्ण आणि माशाचं एक अर्धं अशी दोन तिकिटं फाडली. मासा मधल्याच स्टॉपवर उतरून गेला, म्हणून घरी दाखवायला आणता आला नाही. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती विणायच्या मशीनवर बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "किती कमी करू?"

"अगं, कंडक्टरला विचार हवं तर."

"अहो, किती?"

"बाकाएवढा म्हण."

"अजून."

"हातभर."

मशीनवरची मूठ एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे आली. "अजून उतरा खाली," ती म्हणाली.

"वीतभर होता. पण अंगाने भरलेला."

"ठेवला," ती म्हणाली, आणि मासा घरात जमा झाला.

आमच्या घराची रीतच होती ती. मी बाहेरून घेऊन यायचो, ती कापायची, आणि कापून जे उरेल त्याला 'ठेवला' म्हणायची. एकदा ठेवलं की ठेवलं. मग त्यावर शंका नाही, हसणं नाही, चारचौघांत डोळे मिचकावणं नाही. कुणी तिला म्हटलं, "वहिनी, तुमचे हे फार पुड्या सोडतात हो," तर ती म्हणायची, "सोडतात. घरात मी मोजून घेते." जगात बाता मारणारे पुष्कळ आहेत. बातांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालेला मी एकटाच. हेही कुणाला थोडं कमी करून घ्यायचं असेल तर माझी हरकत नाही.

लिफ्ट दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. लिफ्टचा माणूस दिवसभर एकटा असतो. दोन मजल्यांच्या मध्ये, तारांच्या कडेला, बॅटरीच्या उजेडात. वरून पावलं ऐकू येतात, हसणं ऐकू येतं, पण बोलायला कुणी नाही. अशा जागी साधी गोष्टसुद्धा भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी फुगते. संध्याकाळी मी ती टम्म झालेली घरी आणायचो.

आता त्या मशीनचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मशीन म्हणजे टेबलाएवढी लांब पट्टी, तिच्यावर सुयांची रांग, आणि रांगेवरून मागेपुढे सरकवायची एक जड मूठ. बायको त्या मुठीला इस्त्री म्हणायची, कारण हात तसाच चालतो. इस्त्री इकडून तिकडे गेली की एक ओळ विणून झाली. साधी वीण असेल तर एवढ्यावर भागतं. नक्षी हवी असेल तर कुठल्या सुईने निळा धागा घ्यायचा आणि कुठल्या सुईने पांढरा, हे दर ओळीला कुणीतरी सांगावं लागतं. ते काम कोपऱ्यातला कॉम्प्युटर करायचा. त्याच्या पाठीतून बोटाएवढी जाड केबल निघून मशीनला लागायची. ओळ झाली की तो 'टूं' करायचा, म्हणजे झाली, पुढची घाल. तो घेतला तेव्हा लेक शाळेत होती. आता लेकीचे केस पिकायला लागलेत. नव्या कॉम्प्युटरना त्या केबलचं भोकच नसतं, आणि बायकोचा विणायचा प्रोग्रॅम त्यांच्यावर उघडत नाही. म्हणून मशीन आणि कॉम्प्युटर हे दोन म्हातारे एकमेकांना बांधलेले तसेच राहिले. आमच्यासारखे.

माशाचा तिने स्वेटर करायला घेतला. निळ्या रंगात पांढरे मासे, बोटाएवढे, एकामागून एक. "तुमचे आहेत," ती म्हणाली, "खऱ्या मापाचे." स्वेटरचं माप लिहिताना तिने विचारलं, "हाताची लांबी?" टेप शेजारीच पडली होती, पण ती विचारायचीच.

मी म्हटलं, "तारा ओढून ओढून लांब झालेत हात. ताठ उभा राहिलो की बोटं गुडघ्याला लागतात." आणि एक आकडा ठोकून दिला. ती हसली आणि कीबोर्डवर काहीतरी टाकलं.

पुढचा भाग झाला, मागचा झाला, खांदे शिवून झाले, मग उजवी बाही झाली. बाही ती खांद्याकडून मनगटाकडे विणायची. बाही सुयांवरून उतरवून घेतली तेव्हा कॉम्प्युटर अजून टूं टूं करत होता. "गप रे," ती त्याला म्हणाली, "तुला काय कळतंय," आणि बटण बंद केलं. डाव्या बाहीसाठी खांद्याच्या काठावर उचललेले टाके सुटू नयेत म्हणून तिने ते लाल दोऱ्यात ओवून ठेवले.

मग दवाखाना सुरू झाला. मग ती गेली. यात कमी करण्यासारखं काही नाही.

स्वेटर खुर्चीच्या पाठीवर राहिला. एक बाही खाली लोंबत, आणि दुसरीकडे नुसतं भोक आणि त्याच्या काठाने लाल दोरा. लेक दूरच्या शहरात असते, फोनवर म्हणाली, "बाबा, थंडी आलीय. एखादा विकत घ्या ना." मी म्हटलं, बघू. घरात कुणी नसलं की 'बघू' या शब्दावर बरेच दिवस काढता येतात.

खरी अडचण थंडीची नव्हतीच. माझ्या गोष्टी कुणी कापेना. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनला मी सांगितलं, की एकदा माझी लिफ्ट इतक्या जोरात वर गेली की आतल्या बाईंच्या हातातलं दूध छताला चिकटलं. तो म्हणाला, "असं का? बापरे." सगळं गिळलं त्याने, दुधासकट. दुसऱ्या एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "काहीतरीच तुमचं," आणि अख्खी गोष्ट फेकून दिली. एक सगळं घेणारा, एक काहीच न घेणारा. मधलं, खरं तेवढं वेगळं काढून ठेवणारं माणूस एकच होतं. आणि ते काढल्याशिवाय मलाही कळत नाही हो, की बाईंचं दूध नक्की किती उडालं होतं.

मी रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करायचो. काम काही नव्हतं. त्याचा पंखा घरघरला की ती खोली वापरात असल्यासारखी वाटायची. मग एका सकाळी घरघरीच्या आत दुसरा आवाज आला. टक्. थांबला. टक् टक्. मी जन्मभर मोटारींचे आवाज ऐकलेत. बेअरिंग जायला लागलं की लिफ्ट असंच बोलते. पेटी उघडून कान लावला. आवाज हार्ड डिस्कमधून येत होता, म्हणजे जिच्यात सगळं साठवलेलं असतं त्या डबीतून. बायकोची सगळी नक्षी, सगळी मापं आणि डाव्या बाहीचे मासे त्या डबीत होते. डबी गेली की बाही गेली. मासे हाताने विणणं माझ्या बापजन्मात जमलं नसतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान आहे. सगळी गल्ली त्यांना स्क्रूबाई म्हणते, कारण काम करताना त्या काढलेले स्क्रू ओठांत धरतात आणि तशाच बोलतात. दुकान इतकं अरुंद आहे, की गिऱ्हाइकाला शिंक आली तर त्याला बाहेर जाऊन शिंकावं लागतं. हे मी फारसं वाढवलेलं नाही.

"ताई, जुनी डिस्क मरायला टेकलीय. तिच्यासारखी दुसरी द्या."

"केवढी आहे?"

"आठ जीबीची."

त्यांनी ओठांतले स्क्रू हातात घेतले. "काका, आठची आता कुठे मिळणार? रुंद पट्टीची केबल लागणारी माझ्याकडे एकच उरलीय. पाचशेची आहे."

"चालेल की. कपाट मोठं असलं म्हणून कपड्यांचं काय बिघडतं?"

त्या हसल्या नाहीत. डिस्क कागदात गुंडाळून दिली. मी घरी येऊन जुनी काढली, नवी जोडली, बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर कॉम्प्युटर दरवेळी करतो तशी हजेरी घेऊ लागला. मेमरी मोजली. कीबोर्ड आहे म्हणाला. मग डिस्कचं नाव लिहिलं, आणि तिथेच थांबला. नावाच्या पुढे एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. मी चहा केला, प्यायलो, कप विसळला. रेघ तिथेच. तीनदा बंद करून चालू केला. तीनदा त्याने डिस्कचं नाव विचारलं आणि उत्तर ऐकून त्याची दातखीळ बसली.

दुसऱ्या दिवशी अख्खा कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळून, चाकाच्या पिशवीत घालून मी दुकानात नेला. जुनी डिस्क शर्टाच्या खिशात, छातीशी. वाटेत पोस्टमन भेटला. "कुठे निघालात?"

"आजारी माणसाला घेऊन दवाखान्यात."

"असं का? बापरे," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

स्क्रूबाईंनी घोंगडी उलगडली, कॉम्प्युटर टेबलावर घेतला आणि चालू केला. रेघ लुकलुकली. त्यांनी मान हलवली.

"याला मोजता येत नाहीये."

"म्हणजे?"

"हा ज्या काळी झाला त्या काळी एवढी मोठी डिस्क कुणी पाहिलीच नव्हती. बनवणाऱ्याने याला बत्तीस-तेहतिसापर्यंतच मोजायला शिकवलं. आता हा डिस्कला विचारतो, केवढी आहेस? ती म्हणते, पाचशेची. हा मोजायला घेतो आणि मोजतच बसतो."

"आलं लक्षात," मी म्हणालो. "आठ बटणांची लिफ्ट. इमारतीवर वर चार मजले चढवले. बारावा मजला आहे, तिथे माणसं राहतात, पण लिफ्टच्या लेखी तो नाहीच."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तसंच. फक्त ही लिफ्ट आठव्यावर थांबत नाही, अडकते."

"मग बटणं वाढवायची?"

"आता कोण वाढवून देणार? बनवणारे कधीच दुसरीकडे गेले." त्यांनी नव्या डिस्कची पाठ माझ्याकडे केली. "खोटं बोलायचं."

"कुणी?"

"डिस्कने. हे बघा, केबल लागते ती जागा, वीज लागते ती जागा. मधे या टाचण्या उभ्या आहेत. यातल्या ठरलेल्या दोघींवर ही टोपी घातली," असं म्हणून त्यांनी चिमट्यात तांदळाच्या दाण्याएवढा काळा तुकडा धरून दाखवला, "की डिस्क सांगते, मी बत्तीसचीच. मग हा खूश."

"आणि बाकीची? चारशेच्या वर उरते की."

"असते ना आत. फक्त बोलत नाही."

मी स्टुलावर बसलो. "ताई, मी उभ्या जन्मात मोठं करून सांगत आलो. लहान करून खोटं बोलतात हे आज ऐकलं."

"हं," स्क्रूबाई म्हणाल्या. स्क्रू परत ओठांत गेले होते.

टोपी बसवताना चिमटा निसटला. काळा तुकडा उडाला आणि कुठेतरी पडला. आम्ही दोघं खाली वाकलो. टेबलाखाली वायरींचं रान होतं. त्यांनी बॅटरी लावली, मी बाहीनं धूळ बाजूला केली. तसली दुसरी टोपी दुकानात नव्हती, ते त्या पुटपुटल्यावर कळलं. मी त्यांना धीर यावा म्हणून म्हटलं, "एकदा लिफ्टच्या खड्ड्यात माझा एवढाएवढा नट पडला होता. चार माणसं शोधून दमली. मी डोळे मिटून नुसत्या वासावर काढला. तेलाचा वास मला तीन मजल्यांवरून येतो."

"हं."

मी वाट पाहिली. ती सवय जात नाही. वासावर नव्हता काढला. झाडूने काढला होता, आणि चार नव्हे, आम्ही दोघं होतो. विचारलं असतं तर मी लगेच उतरलो असतो. त्यांनी विचारलं नाही. कमी केलं नाही, वाढवलं नाही. गोष्ट तशीच दोन मजल्यांच्या मध्ये लटकून राहिली.

"काका, हलू नका," त्या अचानक म्हणाल्या. त्यांनी चिमटा पुढे केला आणि माझ्या शर्टाच्या दुमडलेल्या बाहीतून काळा तुकडा अलगद उचलला. "तुमच्याकडेच होती."

"मला माहीत होतं."

"हं."

टोपी बसली. बटण दाबलं. मेमरी मोजली, कीबोर्ड आहे म्हणाला, डिस्कचं नाव लिहिलं. नावाच्या पुढे आकडा उमटला, बत्तीसच्या आसपासचा, आणि कॉम्प्युटर तिला ओलांडून पुढच्या कामाला लागला. कसला गाजावाजा नाही. मला मात्र त्या डिस्कचं वाईट वाटलं. एवढा मोठा देह, आणि म्हाताऱ्यासोबत राहायचं म्हणून असं अंग चोरून बसायचं. मग वाटलं, वाईट कसलं? घरात घेतलं ना तिला.

आता जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर न्यायचं होतं. त्यांनी दोन्ही जोडल्या. आधी बाकीचं सगळं गेलं. मग विणकामाचा फोल्डर उघडला आणि स्क्रीनवर फाइलींची नावं एकाखाली एक आली. बायकोने गिऱ्हाइकांना नावाने कधी ओळखलं नाही. 'दातांचे डॉक्टर'. 'मोठ्या जाऊबाई'. 'मान आखूड'. 'पोट सांगायचं नाही'. 'पोस्टमन, हिरवा नको'. एकेक नाव पांढरं व्हायचं आणि पलीकडे जायचं. जणू सगळे जिना चढून नव्या घरात राहायला निघाले होते. स्क्रूबाई बघत होत्या. 'पोट सांगायचं नाही' गेलं तेव्हा त्यांच्या ओठांतला एक स्क्रू खाली पडला.

सगळ्यांत शेवटी माझ्या फाइली होत्या. माझं नाव ती कधी घेत नसे, तिथेही घेतलं नव्हतं. 'अहो-पुढचा'. 'अहो-मागचा'. 'अहो-उजवी'. तिन्ही गेल्या. 'अहो-डावी' पांढरी झाली आणि तिथेच राहिली.

टक्. टक् टक्. टक्.

"काय झालं?"

"वाचता येईना हिला." त्यांनी स्क्रू टेबलावर ठेवले. म्हणजे मामला गंभीर होता. "महत्त्वाची आहे?"

माझ्या तोंडाशी मोठं उत्तर आलं होतं. जगातली शेवटची बाही वगैरे. पण ते बाहेरच आलं नाही. "हो," मी म्हणालो.

त्यांनी डिस्क केबलसकट उचलली आणि कडेवर उभी केली. "कधीकधी कूस बदलली की वाचते. धरता का अशीच? टेबलावर सरळ राहत नाही. हात हलवू नका."

मी डिस्क तळहातांत उभी धरली. गरम होती. आत काहीतरी फिरत होतं, मधेच अडखळत होतं, टक्, आणि पुन्हा फिरत होतं. मी हातांनी बऱ्याच मोटारी धरल्यात, पण असं काही धरलं होतं ते फक्त दवाखान्यात, आणि तेव्हाही मला 'हात हलवू नका' म्हणूनच सांगितलं होतं. स्क्रूबाई स्क्रीनकडे बघत होत्या. रस्त्यावरून किल्लीवाल्याच्या यंत्राचा कर्कश आवाज येत होता, तो त्यांनी ओरडून बंद करायला लावला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग हातातली घरघर एकसारखी झाली आणि त्या म्हणाल्या, "गेली."

"गेली?"

"पलीकडे गेली, काका. नव्या डिस्कवर. सोडा आता हात."

मी सोडला नाही लगेच. ती आपोआप गार होईपर्यंत धरून बसलो. स्क्रूबाईंनी घाई केली नाही.

घरी आल्यावर लाल दोऱ्यातले टाके एकेक करून सुयांवर चढवण्यात माझा अख्खा दिवस गेला. एक टाका निसटला की खालचे तीन रडायला लागतात. बायको हे काम माझ्याशी बोलत बोलत करायची. मी तोंड मिटून केलं तरी जीभ बाहेर येत होती. मग कॉम्प्युटर चालू केला. त्याने हजेरी घेतली, बत्तीसच्या त्या सोंगाला नेहमीसारखं आत घेतलं, आणि मी 'अहो-डावी' उघडली. टूं.

इस्त्री डावीकडून उजवीकडे नेली. पहिल्या ओळीत काही दिसत नाही. पाचसहा ओळींनंतर शेपूट दिसायला लागतं, मग अंग, मग डोक्याच्या जागी निळा ठिपका, तो डोळा. पहिला मासा पुरा झाला तेव्हा मी त्याला मोठ्याने सांगितलं, "तुझा बाप बसएवढा होता." टूं, कॉम्प्युटर म्हणाला. मी कंडक्टरचं सांगितलं. टूं. तिकिटांचं सांगितलं. टूं. कसलंही सांगा, त्याचं आपलं एकच, झाली, पुढची घाल. श्रोता वाईट नाही. पण वाईट नसणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

तो मागत गेला तशा मी ओळी घालत गेलो. माशामागून मासा आला. पाठ भरून आली तरी मी मधे थांबलो नाही, कारण स्वतःच्या डोक्याने काही केलं की बिघडतं हे मला इतर कामांवरून ठाऊक होतं. शेवटी स्क्रीनवर 'पूर्ण' आलं आणि त्याचं टूं थांबलं. बाही उतरवली, काठ बंद केला, कडा शिवल्या. शिवण वाकडी आली, पण ती काखेत जाते.

स्वेटर घालून आरशासमोर उभा राहिलो. उजवी बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली होती, जशी थांबायला हवी तशी. डावी बाही मनगट ओलांडून, तळहात ओलांडून, बोटं गिळून खाली लोंबत होती. मी बोटं ताणून बघितली. टोकंसुद्धा बाहेर येईनात.

आधी वाटलं, ओळी मोजायला चुकलो. मग वाटलं, ती आजारी डिस्क काहीतरी भलतं बोलली. कॉम्प्युटरवर बसलो आणि 'अहो-डावी'मधलं माप उघडलं. हाताची लांबी. समोर आकडा होता. मी दिलेला. तारा ओढून ओढून लांब झालेल्या हातांचा, जसा ठोकून दिला होता तसा, एक दाणा कमी नाही. 'अहो-उजवी' उघडली. तिथेही तोच.

म्हणजे माप चुकलं नव्हतं. उजवी बाही विणताना कॉम्प्युटर टूं टूं करून पुढच्या ओळी मागत होता, आणि ती त्याला 'गप रे' म्हणून उठली होती. माझे हात किती आहेत हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने सुयांवर कापलं. पण आत, फाइलीत, मला एवढ्या लांब हातांचा तसाच राहू दिलं होतं.

मी दोन्ही फाइली तशाच बंद केल्या. पंखा घरघरत होता.

रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, झाला का तो स्वेटर?"

"झाला. आजच घातलाय. तुझ्या आईने केलाय की मी, ओळखू येणार नाही. दोन्ही बाह्या अगदी मापात."

मी थांबलो. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, नळ चालू होता. तिने विचारावं म्हणून मी वाट पाहिली. दोनच शब्द पुरले असते, मी लगेच सांगितलं असतं.

"छान झालं, बाबा," ती म्हणाली. "घालत जा थंडीत."

सगळंच्या सगळं ठेवून घेतलं तिने. चांगली मुलगी आहे. लहान असताना आई कशी कापते ते ती बघायची आणि खुदखुदायची, पण कापणं शिकली नाही. आम्ही शिकवलंही नाही.

फोन ठेवला. लोंबणाऱ्या बाहीकडे बघत म्हटलं, किती कमी करू? उसवायचा धागा शिवणीत होताच, ओढला असता तर भराभरा आलं असतं. मी तो बोटात धरलासुद्धा. मग सोडला, आणि बाही दुमडली. एकदा दुमडली, लांबच राहिली. परत दुमडली. वीतभर आत गेल्यावर मनगट दिसलं.

दुमडीत दोन मासे गेले. असतात ना आत.